लकवा, घड्याळ आणि दारव्ह्याचा रस्ता

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर डॉक्टरला उभे केले की तो बहुधा स्वच्छतेवर बोलतो, नाही तर व्यसनांवर. चिटणीस साहेबांनी मला विषयाची मोकळीक दिली आणि मी लकव्याचे नाव घेतले, तेव्हा त्यांना थोडे नवल वाटले. म्हाताऱ्या माणसांचा आजार, तो शाळेत कशाला? कारण सांगतो. लकव्याचा झटका आल्यावर पहिल्या काही तासांत द्यायचे औषध 1995 साली सिद्ध झाले. त्याला आता तीस वर्षे झाली. परंतु ते वेळेवर मिळून आपल्या पायांनी घरी परतलेली आपल्या भागातली माणसे मला हाताच्या बोटांवर मोजता येतील. औषध जगात आहे, देशात आहे, त्याच जातीचे एक औषध आपल्या पुण्यात तयारही होते. दारव्हा तालुक्यातल्या माणसाच्या शिरेत मात्र ते सहसा पोहोचत नाही. असे का होते, त्यातले आपल्या हाती किती आणि सरकारच्या हाती किती, याचा हिशेब मी आज मांडणार आहे. मुलांनी तो गणिताच्या तासाला बसल्यासारखा ऐकावा.

आधी शब्दांविषयी थोडे. आपण विदर्भात लकवा म्हणतो. पुस्तकात पक्षाघात किंवा अर्धांगवायू असतो, खेड्यात ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात, आणि आपल्या घरांतली वडीलधारी मंडळी फालिज म्हणतात. फालिज हा अरबी शब्द. त्याच्या मुळाशी दुभंगण्याचा, दोन भाग होण्याचा अर्थ आहे. अर्धांग या शब्दातही तेच आहे. दूरदूरच्या दोन भाषांतील वैद्यांनी एकच गोष्ट पाहिली आणि तिला जवळजवळ एकच नाव दिले, हे भाषेच्या विद्यार्थ्यांनी टिपून ठेवावे. लकवा हा शब्दही अरबीतूनच आपल्या मराठीत आला. पण युनानी वैद्यकात लकवा म्हणजे फक्त तोंड वाकडे होणे. अंग लुळे पडते तो फालिज. आपण दोन्हींना एकाच नावाने ओळखू लागलो. हा घोटाळा दिसतो तितका किरकोळ नाही; त्याकडे मी पुन्हा वळणार आहे.

आता आजाराकडे वळू. मेंदूला रक्त नेणाऱ्या एखाद्या नलिकेत रक्ताची गाठ अडकते, पुढचा रक्तपुरवठा थांबतो आणि मेंदूचा तेवढा भाग मरू लागतो. हा पहिला प्रकार, आणि बहुसंख्य रुग्ण याच प्रकारचे असतात. दुसऱ्या प्रकारात नलिका फुटते व रक्त मेंदूत सांडते. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात: तोंड एका बाजूला ओढलेले, एका बाजूचा हात-पाय लुळा, बोलणे बोबडे किंवा बंद. पहिल्या प्रकारात गाठ विरघळवणारे औषध शिरेतून दिले तर मेंदू वाचू शकतो. दुसऱ्या प्रकारात तेच औषध दिले तर रक्तस्राव वाढून माणूस दगावेल. नाडी पाहून किंवा रक्तदाब मोजून हा फरक जगातला कोणताही डॉक्टर खात्रीने सांगू शकत नाही. त्यासाठी मेंदूचा सीटी स्कॅन करावाच लागतो. हे यंत्र गॉडफ्रे हाऊन्सफील्ड या इंग्रज अभियंत्याने तयार केले. 1971 साली लंडनमधल्या एका रुग्णालयात त्यावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र निघाले आणि 1979 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती, हेही मुलांनो, तुमच्या माहितीसाठी सांगून ठेवतो.

या औषधाचे नाव अल्टेप्लेज. अमेरिकेतील 624 रुग्णांवरील अभ्यास डिसेंबर 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात झटका आल्यापासून तीन तासांच्या आत औषध दिले होते. 2008 साली युरोपातील अभ्यासाने ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढवली. पुढे 2014 मध्ये अशा अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले. तीन तासांच्या आत औषध मिळालेल्या 100 रुग्णांपैकी सुमारे 33 जण जवळजवळ पूर्वीसारखे झाले. न मिळालेल्यांपैकी 23. तीन ते साडेचार तासांच्या दरम्यान हेच आकडे 35 व 30 असे आहेत. म्हणजे शंभरामागे दहा माणसांचा फायदा दीड तासाच्या उशिराने पाचांवर येतो. हे औषध जादूचे नाही, हे आपण लक्षात घ्या. अमेरिकेतील त्या पहिल्या अभ्यासात औषध मिळालेल्या शंभरातील सहा जणांना मेंदूत रक्तस्रावही झाला होता. तरीसुद्धा एकंदरीत नफा मोठा आहे, आणि तो जवळजवळ सगळा घड्याळावर अवलंबून आहे. जेफ्री सेव्हर या अमेरिकन डॉक्टरांनी 2006 साली हिशेब करून दाखवले की मोठी नलिका बंद झालेल्या रुग्णाच्या मेंदूतील सरासरी 19 लाख पेशी दर मिनिटाला मरतात. एका तासाला किती, ते पाचवीतला मुलगाही सांगेल.

कुणी विचारतात, हृदयविकाराच्या झटक्यात देतात ते स्वस्त स्ट्रेप्टोकायनेज इथे का चालत नाही? त्याचेही प्रयोग गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात झाले. मेंदूतील रक्तस्रावाने मृत्यू वाढले, म्हणून ते थांबवावे लागले. 2015 पासून आणखी एक उपचार सिद्ध झालेला आहे: मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गाठ ओढून काढायची. निवडक रुग्णांत तो 24 तासांपर्यंतही उपयोगी पडतो. पण त्यासाठी लागणारी यंत्रे आणि हात मोठ्या शहरांत आहेत. आपल्यासाठी ते शहर म्हणजे नागपूर, यवतमाळहून पुढे सुमारे 150 किलोमीटर.

हा शहरी, श्रीमंतांचा आजार आहे अशी एक समजूत आहे. ती आपल्या विदर्भातच खोटी ठरली. गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेतर्फे डॉ. योगेश्वर कालकोंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 86 गावांतील प्रत्येक मृत्यूचे कारण शोधले. एप्रिल 2011 ते मार्च 2013 या दोन वर्षांत त्या गावांत 1599 मृत्यू झाले. त्यांपैकी 229 लकव्याने. म्हणजे दर सात मृत्यूंमागे एक, आणि मृत्यूच्या सगळ्या कारणांत हे पहिल्या क्रमांकाचे. हिवताप, क्षय, साप यांच्या मुलखात लकवा पहिला येतो, हे मी प्रथम वाचले तेव्हा आकडे दोनदा तपासले. त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे, आणि तो मला अधिक अस्वस्थ करतो. लकव्याने गेलेल्यांपैकी 87 टक्क्यांहून अधिक माणसे घरीच गेली. जवळजवळ निम्मी माणसे पहिल्या महिन्यातच गेली. साडेचार तास, सीटी स्कॅन, अल्टेप्लेज हे शब्द त्यांच्या वाऱ्यालाही उभे राहिले नाहीत.

गडचिरोली वेगळी आणि यवतमाळ वेगळे, हे खरे. आपल्याकडे रस्ते बरे आहेत, दारव्ह्याला उपजिल्हा रुग्णालय आहे, यवतमाळला 1989 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणून आता आपलेच गणित मांडू. साडेचार तास म्हणजे 270 मिनिटे. रुग्णालयाच्या दारात पाऊल ठेवल्यापासून औषध सुरू होईपर्यंत एक तास, हे जगभर चांगल्या रुग्णालयांनी ठरवलेले उद्दिष्ट आहे. तेव्हा 60 मिनिटे वजा करा, उरली 210. दारव्हा ते यवतमाळ सुमारे 40 किलोमीटर. रात्रीची वेळ, पावसाळा, रस्त्यावरचे ट्रॅक्टर धरून एक तास. उरली 150. माणूस दारव्ह्यात नसून तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात असेल तर तिथून मुख्य रस्त्याला येईपर्यंत अर्धा तास. उरली 120. गाडी बोलावणे व ती दारात येणे, आणखी अर्धा तास. उरली 90 मिनिटे. काहीतरी बिघडले आहे हे ओळखायला, घरच्यांचा विचार व्हायला, पैसे आणि कपडे गोळा करायला, शेजाऱ्याला हाक मारायला खेड्यातल्या माणसाजवळ एवढीच दीड तासाची पुंजी असते. नागपुरात मोठ्या इस्पितळापासून दोन मैलांवर राहणाऱ्या माणसाजवळ ती तीन तासांची आहे. आजार एकच, औषध एकच, मुदतही एकच. एकाच्या वाट्याचे तास रस्त्यानेच खाऊन टाकले आहेत, आणि तो रस्ता त्याने निवडलेला नाही. विषमता म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पैसा येतो. ही विषमता मिनिटांत मोजायची आहे.

आमच्या पिढीला घाईची सवय नाही, हेही मान्य करू. मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी शकुंतला दारव्हा मोतीबागेवर येईल तेव्हा येईल, अशी वाट पाहत आम्ही लहानाचे मोठे झालो. लकव्याला ती सवय चालत नाही.

एक उदाहरण देतो. नाव-गाव सांगत नाही. कापसाच्या बाजारात हमाली करणारा पंचावन्न वर्षांचा माणूस. जोहरची नमाज पढून जेवायला बसला. घास तोंडाकडे नेताना भाकरी हातातून गळली. बायकोने विचारले तर तोंडातून नीट शब्द फुटेना. तिला वाटले, उन्हाने चक्कर आली. तिने कांदा हुंगवला, पाणी पाजले, निजवले. मुलगा बाहेरगावी कामावर होता, तो असरच्या सुमारास आला. ऑटोने एका खाजगी दवाखान्यात नेले; तिथे सलाईन लावले, रक्तदाब फार वाढला म्हणून गोळी दिली. सलाईन संपेपर्यंत थांबले. फरक पडेना म्हणून दुसऱ्या दवाखान्यात, तिथून तिसऱ्या ठिकाणी. मोठ्या गावी सीटी स्कॅन झाला तेव्हा इशाची अजान होऊन गेली होती. गाठीचाच लकवा निघाला. औषधाची वेळ कधीच टळून गेली होती. माणूस वाचला, पण उजवा हात गेला तो गेलाच, आणि हमालाचा उजवा हात म्हणजे त्याचे घर. बायको मजुरीला जाऊ लागली. बापाला उठवणे, धुणे, भरवणे याला घरात कुणीतरी हवे. नववीत शिकणारी मुलगी घरी बसली. दहावीचा फॉर्म तिने भरला नाही.

चिटणीस साहेब, हा विषय शाळेत कशाला, याचे माझे उत्तर एवढेच आहे. मुलींच्या गळतीची कारणे आपण दर वर्षी अहवालात लिहितो: लवकर लग्न, गरिबी, शाळा लांब. घरातला लुळा पडलेला माणूस हे कारण त्या यादीत मी कधी वाचलेले नाही.

त्या घरातल्यांनी काय चुकीचे केले? त्यांच्या समजुतीप्रमाणे काहीच नाही. त्यांनी चार ठिकाणी धावपळ केली, कर्ज काढले. पण पहिल्या तीन ठिकाणी ते यंत्र नव्हते ज्याशिवाय पुढचे पाऊल टाकताच येत नाही, आणि हे त्यांना कुणी कधी सांगितले नव्हते. ताप आला की जवळचा डॉक्टर गाठावा, हे आपण शिकलो ते बरोबरच आहे. लकव्यात मात्र जवळचा दवाखाना पुष्कळदा लांबचा ठरतो. ज्या रुग्णालयात सीटी स्कॅन चालू आहे, तेच जवळचे.

आता त्या शब्दाच्या घोटाळ्याकडे येतो. लकव्यावर औषध देणारी माणसे आणि गावे आपल्या भागात पुष्कळ आहेत. कुणी नाकात थेंब सोडतो, कुणी मालिशचे तेल देतो, कबुतराचे रक्त चोळायला सांगणारेही आहेत. अनेक शिकलेले लोक मला म्हणतात, डॉक्टरसाहेब, आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे, माणूस बरा झाला. ते खोटे बोलत नाहीत. चेहऱ्याच्या एका मज्जातंतूला सूज येऊनही तोंड वाकडे होते. युनानी वैद्य ज्याला लकवा म्हणत तोच हा. त्यात मेंदूला काही झालेले नसते आणि बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत, काही महिन्यांत बरे होतात. तेल लावले तरी होतात, न लावले तरी होतात. दुसरे असे की काही वेळा गाठ आपोआप सुटते आणि लुळा पडलेला हात अर्ध्या तासात पूर्ववत चालू लागतो. त्या अर्ध्या तासात ज्याने जे केले असेल त्याला यश मिळते. खरे तर असा ‘आपोआप बरा’ झालेला माणूस पुढच्या काही दिवसांत मोठ्या झटक्याच्या फार जवळ असतो आणि त्याला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला हवे. तेव्हा त्या औषधवाल्यांशी मी वाद घालत नाही. माझे म्हणणे इतकेच की मालिश करायची असेल तर ती तिसऱ्या दिवशीही करता येईल. सीटी स्कॅन आणि औषध तिसऱ्या तासालाच हवे.

घराच्या आतही सर्वांना सारखे तास मिळत नाहीत, हे सांगताना मला संकोच वाटतो, परंतु सांगतो. घरातला कर्ता पुरुष बोबडे बोलू लागला तर गल्ली गोळा होते. दादी बोबडे बोलू लागली तर ‘थकली असेल, निजू द्या’ म्हणतात. अम्मीचा हात जड झाला तर तिलाच वाटते, कपडे फार धुतले. सांगायचे कुणाला? घरचे पुरुष कामावर, आणि त्यांना विचारल्याशिवाय गाडी बोलावण्याची रीत नाही. गडचिरोलीच्या त्या 229 मृतांत जवळजवळ निम्म्या स्त्रिया होत्या. आजाराने भेदभाव केलेला नाही. आज सभागृहात डाव्या बाजूला बसलेल्या माताभगिनींना माझे सांगणे आहे: या एका बाबतीत कुणाच्या परवानगीसाठी थांबू नका, आणि पुरुषांनी आजच घरी जाऊन तसे सांगून ठेवावे.

आणखी एक गोष्ट आपल्या तालुक्याची. येथे कुणाच्या घरी उर्दू, कुणाच्या घरी वऱ्हाडी, बंजारा बांधवांच्या तांड्यावर गोरमाटी. इस्पितळातला तरुण डॉक्टर बाहेरून आलेला असतो. रुग्ण बोबडे बोलतो आहे की त्याची बोलीच तशी आहे, हे त्याला कसे कळावे? ते घरचा माणूसच सांगू शकतो. म्हणून ‘हे असे बोलत नाहीत, आजच बिघडले’ एवढे वाक्य स्पष्टपणे सांगणारा एक जण रुग्णाबरोबर हवाच. आणि वेळ. झटका किती वाजता आला यापेक्षा, शेवटचे धडधाकट कधी पाहिले, हे डॉक्टर विचारतात. रात्री नीट निजला आणि फज्रला उठवताना अंग लुळे आढळले, तर घड्याळ रात्री निजल्यापासून मोजतात. तरीही नेण्यात हयगय करू नये, कारण अशा काही रुग्णांनाही पुढच्या तपासण्यांनंतर उपचार मिळू शकतो. घड्याळातले आकडे आठवत नसतील तर अजानवरून सांगा. मगरिबच्या वेळी चांगले होते की नाही, हे आपल्याकडे सहसा कुणी विसरत नाही.

मधल्या वेळात काय करू नये, तेही ऐका. पाणी, चहा, गोळी, काहीच तोंडाने देऊ नका. गिळण्याची शक्ती गेलेली असते, पाणी श्वासनलिकेत जाते. ‘रक्त पातळ होऊ द्या’ म्हणून ॲस्पिरिन देऊ नका. नलिका फुटलेली असेल तर ते विष ठरेल. रक्तदाब उतरवायला जिभेखाली गोळी ठेवू नका. मधुमेहाच्या औषधावर असलेल्या माणसाची साखर फार उतरली तरी लकव्यासारखे दिसते, तेव्हा साखर मोजायचे यंत्र घरात असेल तर मोजा. चालू गोळ्यांची पाकिटे पिशवीत घाला. 108 क्रमांकाची गाडी 26 जानेवारी 2014 पासून महाराष्ट्रात सुरू आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. फोनवर ‘पेशंट सीरियस आहे’ असे मोघम सांगू नका. ‘लकव्याचा झटका, एक तास झाला, सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात न्यायचे आहे’ असे सांगा.

पैशाविषयी न बोलून चालणार नाही. अल्टेप्लेज हजारो रुपयांचे असते आणि ते घेण्याचा निर्णय नातेवाइकांना काही मिनिटांत करावा लागतो. शेतमजुराच्या घरी त्या मिनिटांत सासरी-माहेरी फोन सुरू होतात. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या टेनेक्टेप्लेज या औषधाला भारतात लकव्यासाठी परवानगी मिळाल्यापासून थोडा फरक पडला आहे. ते एकाच इंजेक्शनात देता येते, अल्टेप्लेजसारखे तासभर चालवावे लागत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, आणि तिच्या संलग्न रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात. परंतु रेशन कार्ड आणि आधार कार्ड घरी राहिले म्हणून अर्धा तास गेला, असे मी पाहिले आहे. ही कागदपत्रे एका पिशवीत, दाराजवळच्या खुंटीवर ठेवावीत. योजना बिल भागवील. 40 किलोमीटर अंतर काही ती कमी करणार नाही.

मग हे अंतर कमी होऊ शकते का? होऊ शकते, आणि आपल्याच देशात झालेले आहे. हिमाचल प्रदेशाचे रस्ते आठवा. आपला दारव्हा-यवतमाळ रस्ता त्यापुढे मैदान आहे. तेथे 2014 साली सरकारने ज्या सरकारी रुग्णालयांत सीटी स्कॅन होता तेथे हे औषध मोफत ठेवले. मेंदूचे तज्ज्ञ त्या प्रत्येक ठिकाणी नव्हतेच. तेथील साधे फिजिशियन स्कॅनची चित्रे मोबाइलवरून मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञांना पाठवीत, ते पाहून सल्ला देत आणि औषध तेथेच सुरू होई. आसाममध्ये तेजपूरच्या बॅप्टिस्ट ख्रिश्चन हॉस्पिटलात मेंदूतज्ज्ञाशिवाय, प्रशिक्षित डॉक्टर व परिचारिकांच्या बळावर लकव्याचा कक्ष उभा राहिला. त्याच राज्यात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने सीटी स्कॅन बसवलेली गाडीच खेड्यांत पाठवली. ही कल्पना जर्मनीतील क्लाउस फासबेंडर यांची. 2008 साली तेथे पहिली गाडी धावली. परिषदेचे म्हणणे आहे की पूर्वी उपचार सुरू व्हायला सुमारे 24 तास लागत, ते दोन तासांवर आले. 2025 साली ही गाडी आसाम सरकारच्या हवाली करण्यात आली.

यावरून एक गोष्ट उघड होते. प्रत्येक तालुक्याला मेंदूतज्ज्ञ द्या, ही मागणी पुरी होणार नाही आणि ती करण्याची गरजही नाही. उपजिल्हा रुग्णालयात चोवीस तास चालणारा सीटी स्कॅन, तो चालवणारा तंत्रज्ञ रात्रीही हजर, कपाटात औषध, आणि वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेला एक फोन, एवढे मागावे. दारव्हा, दिग्रस, नेर, आर्णी या तालुक्यांच्या मध्यभागी हे झाले तर मघाच्या गणितातली 60 मिनिटे परत मिळतात. आपला समाज निवेदने पुष्कळ देतो, मोर्चेही काढतो. या मागणीत कोणत्याही एका समाजाचे काही नाही, तालुक्यातले सगळे सही करतील. 2010 साली केंद्र सरकारने कर्करोग, मधुमेह, हृदयविकार व पक्षाघात यांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तेव्हा त्याच्या नावातच पक्षाघात होता. 2023 साली नाव बदलून ‘असंसर्गजन्य आजार’ असे केले. नावातून गेला तसा तो कामातून जाऊ नये, हे पाहणे आपल्याकडेच आहे.

झटका येऊच नये यासाठीचे सारे काही तालुक्यात आजही आहे, म्हणून थोडक्यातच सांगतो. लकव्याचे सर्वांत मोठे कारण वाढलेला रक्तदाब. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब व साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात, गोळ्याही मिळतात. ‘आता बरे वाटते’ म्हणून त्या बंद करणारे आमच्याकडे रोज येतात. रक्तदाबात मुळात वाईट वाटतच नाही, मग बरे वाटण्याला काय अर्थ? आणि खर्रा. यवतमाळ जिल्ह्यात खर्ऱ्याविरुद्ध बोलणे म्हणजे पाहुण्याने यजमानाला उणे बोलण्यासारखे आहे, तरी बोलतो. तो नुसता तोंडाचा कर्करोग देऊन थांबत नाही, रक्तवाहिन्यांनाही सोडत नाही. या सभागृहाच्या फाटकाबाहेर मघाशी येताना मला किती पन्न्या दिसल्या, ते मी मोजले, पण सांगत नाही.

शेवटी विद्यार्थ्यांकडे येतो, कारण खरे काम त्यांच्याकडून व्हायचे आहे. ग्रीसमधील थेस्सालोनिकी शहराच्या मॅसिडोनिया विद्यापीठाने लहान मुलांना लकव्याची लक्षणे शिकवण्याचा कार्यक्रम तयार केला व तो अनेक देशांत गेला. त्यामागचा विचार साधा आहे: आजी-आजोबा दुपारी घरी कुणाबरोबर असतात? नातवंडांबरोबर. तेव्हा आपल्या पाचवी ते सातवीच्या मुलांना तीन गोष्टी शिकवाव्यात. दादीला हसायला सांगा, तोंड एका बाजूला जाते का. दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली पडतो का. आपले पूर्ण नाव सांगायला सांगा, जीभ अडखळते का. तिन्हीपैकी एक जरी दिसले तर घड्याळ पाहा आणि 108 फिरवा.

आणि नववी-दहावीच्या मुलामुलींना माझ्याकडून एक गृहपाठ. दारव्ह्यापासून यवतमाळ, कारंजा, दिग्रस, पुसद या दिशांना कोणत्या रुग्णालयात सीटी स्कॅन आहे, तो रात्री चालतो का, गाठ विरघळवण्याचे औषध तेथे ठेवतात का, जन आरोग्य योजना लागू आहे का, हे तुम्ही प्रत्यक्ष जाऊन किंवा फोन करून विचारा. शिक्षकांनी बरोबर राहावे, म्हणजे कुणी उडवून लावणार नाही. उत्तरे एका मोठ्या कागदावर मराठीत व उर्दूत लिहून शाळेच्या फाटकावर, मशिदीच्या व बाजार समितीच्या भिंतीवर लावा. हा कागद दर वर्षी जूनमध्ये, शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात पुन्हा तपासायचा आहे. यंत्रे बंद पडतात, तंत्रज्ञ बदलून जातात आणि फोनचे क्रमांकही बदलतात.